कोणते हेल्पर उघडे ठेवायचे : एका बिल्ड-लायब्ररीच्या कोअर टीमला खुलं पत्र

प्रति,
कोअर टीम आणि सर्व मेंटेनर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

लायब्ररीचं, म्हणजे कोडपासून चालवायचं ॲप बनवून (‘बिल्ड’ करून) देणाऱ्या तुमच्या साधनाचं, नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना ओळखायची आहे ते ओळखतीलच, आणि ज्यांना ओळखता येणार नाही त्यांना यातलं बरंचसं स्वतःच्या लायब्ररीबद्दल वाटेल. नाव घेऊन बोंब मारण्यात मला रस नाही. तुमच्यापैकी बहुतेक जण नोकरी सांभाळून, रात्री जागून हे काम विनामोबदला करता, याची जाणीव आहे. पण विनामोबदला कामाबद्दलही प्रश्न विचारता येतो. त्या कामावर इतरांची रोजीरोटी चालत असेल, तर विचारावाच लागतो.

पुढच्या मेजर व्हर्जनच्या, म्हणजे मोठ्या आवृत्तीच्या, आराखड्यात तुम्ही जाहीर केलंत की यापुढे पॅकेजमधून कॉन्फिग (बिल्डच्या सेटिंग) तयार करणारं एकच फंक्शन बाहेर दिसेल. कॉन्फिग जोडणारे, एन्व्हायर्नमेंट (बिल्डला बाहेरून दिलेली मूल्यं) वाचणारे, पाथ (फाइलचा पत्ता) सरळ करणारे, प्रोजेक्टचं मूळ फोल्डर शोधणारे असे बाकी सगळे हेल्पर, म्हणजे छोटी मदतनीस फंक्शन्स, ‘अंतर्गत’ मानले जातील आणि पॅकेज-डॉट-जेसन या माहिती-फाइलमधल्या, बाहेरून काय घेता येईल हे ठरवणाऱ्या एक्सपोर्ट्स या नोंदीतून त्यांची वाट बंद होईल. ज्यांना ते लागतात त्यांनी कोड कॉपी करून घ्यावा, असंही त्यात आहे. त्यावर दोन-तीन शंका आल्या आणि लगेच ‘निर्णय झालेला आहे’ असं सांगून चर्चा बंद करण्यात आली. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितो आहे.

आधी माझा यात काय संबंध ते सांगतो. कोल्हापुरात आमचं मोजक्या माणसांचं सॉफ्टवेअरचं काम आहे. गिऱ्हाइकं म्हणजे दूध संस्था, पतसंस्था, एखाद-दुसरी बाजार समिती. सगळ्यांना जवळपास एकच ॲप लागतं : सभासदांची यादी, खातं, पावती, अहवाल. पण प्रत्येकाचा लोगो वेगळा, सर्व्हरचा पत्ता वेगळा, पावतीचा फॉन्ट वेगळा. कुणाचं ॲप स्वतःच्या डोमेनवर असतं, तर कुणाचं तालुका संघाच्या साइटखाली एका उप-पाथवर. मूळ कोड एक आणि बिल्ड अनेक, असा हा धंदा आहे. आम्ही जे विकतो त्यातली अर्धी अक्कल बिल्ड-कॉन्फिगमध्येच आहे, आणि ते कॉन्फिग तुमच्या लायब्ररीवर उभं आहे. मोठ्या कंपन्यांत हे सांभाळायला वेगळी टीम असते. आमच्याकडे तो मी.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार अशी की ‘अंतर्गत’ हा शिक्का तुम्ही आज मारताय, पण इतकी वर्षं तो कुठेच नव्हता. सुरुवातीचा नमुना-प्रोजेक्ट तुम्हीच बनवलात. त्यातली कॉन्फिग फाइल पहिल्याच ओळीत युटिल्स फोल्डरमधून दोन हेल्पर इम्पोर्ट करते. डॉक्समध्ये ‘एकापेक्षा जास्त ॲप असतील तर’ या पानावर मर्ज-हेल्परचं (कॉन्फिग जोडणाऱ्याचं) उदाहरण होतं, आणि आमच्यासारख्यांनी तेच उचललं. ज्या फंक्शनच्या नावाआधी अंडरस्कोअर नाही, ज्याच्या कॉमेंटमध्ये ‘वापरू नका’ असं लिहिलेलं नाही आणि जे खुद्द तुमच्या नमुन्यात आहे, ते खाजगी आहे हे वापरणाऱ्यानं कसं ओळखायचं? पाहुण्याला तुम्हीच हाताला धरून माजघरात नेऊन बसवलंत, आणि आता विचारताय की ओसरी सोडून आत कसे आलात.

सिमॅंटिक व्हर्जनिंग (कुठल्या बदलाला आवृत्तीचा कुठला आकडा वाढवायचा याची नियमावली) पाळतो असं तुमच्या रीडमीच्या पहिल्याच भागात लिहिलेलं आहे. त्या नियमावलीचा, म्हणजे २.०.० आवृत्तीचा, पहिलाच नियम असा आहे की जो हे व्हर्जनिंग वापरेल त्यानं आपला पब्लिक एपीआय, म्हणजे बाहेरच्यांनी वापरायचा भाग, जाहीर केलाच पाहिजे, मग तो कोडमध्ये करो वा डॉक्समध्ये. मेजर, मायनर, पॅच (मोडणारा बदल, नवी भर, दुरुस्ती) हे आकडे त्यानंतर येतात. काय उघडं आहे हेच ठरलेलं नसेल तर काय मोडलं हे ठरवता येत नाही, आणि मग व्हर्जनच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. मागच्या एका पॅच रिलीजमध्ये पाथच्या हेल्परची सही (म्हणजे त्याला काय काय द्यायचं ते) बदलली होती, एक आर्ग्युमेंट वाढलं होतं. इश्यू (तक्रारीची नोंद) टाकला तेव्हा उत्तर मिळालं की ते अंतर्गत आहे, बदल मोडणारा धरला जात नाही. कोणत्या यादीप्रमाणे अंतर्गत, या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं नाही, कारण यादीच नव्हती.

दुसरी तक्रार वापर मोजण्याच्या पद्धतीची. आराखड्यात म्हटलंय की सार्वजनिक रेपॉझिटरींत (कोडच्या उघड्या साठ्यांत) शोध घेतला, हे हेल्पर बाहेर फारसे वापरात दिसले नाहीत. दिसणार कसे? पतसंस्थेचं कॉन्फिग कोण उघड्या रेपोत ठेवतं? बिल्ड-कॉन्फिग ही तर बहुधा खाजगीच राहणारी गोष्ट. त्यात सर्व्हरचे पत्ते असतात, गिऱ्हाइकांची नावं असतात. लायब्ररीचा कोड उघडा आणि तिचा वापर बंद दाराआड, हे या क्षेत्राचं नेहमीचं चित्र आहे. उघड्या कोडमध्ये शोधून जे सापडतं ती नमुन्यांची नि शिकाऊ प्रोजेक्टांची गर्दी असते. तेवढ्यावरून ‘कुणी वापरत नाही’ असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही.

तिसरी तक्रार ‘कॉपी करून घ्या’ या सल्ल्याची, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण हा सल्ला ऐकायला साधा वाटतो.

पाथ सरळ करणाऱ्या हेल्परचंच घ्या. बाहेरून पाहिलं तर उलटा स्लॅश सुलटा करणारी एक ओळ. पण आमच्या गिऱ्हाइकांच्या कचेरीत विंडोज असतं, आणि फोल्डरांची नावं माणसं मराठीत ठेवतात, मध्ये जागा सोडून. आधुनिक मॉड्यूल पद्धतीत फाइलचा पत्ता यूआरएल म्हणून मिळतो. त्याचा पाथनेम सरळ घेतला तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्सचं आणि प्रत्येक बाइटचे टक्क्याच्या खुणेसह तीन कॅरॅक्टर होतात. म्हणजे ‘दूध’ या एवढ्याशा शब्दाचे सत्तावीस कॅरॅक्टर. त्या नावाचं फोल्डर डिस्कवर नसतं, आणि बिल्ड ‘फाइल सापडली नाही’ म्हणून बंद पडतं. विंडोजवर शिवाय ड्राइव्हच्या अक्षराआधी एक जादा स्लॅश येऊन बसतो. ग्लोबच्या, म्हणजे अनेक फाइली एकदम निवडणाऱ्या, पॅटर्नमध्ये उलटा स्लॅश हा फोल्डर वेगळा करणारा नसून पुढच्या चिन्हाचा खास अर्थ काढून टाकणारा असतो, तो आणखी वेगळा गोंधळ.

आणि मग आपला लाडका ऱ. ‘शेतकऱ्यांची यादी’ असं फोल्डर एका मशीनवर तयार होतं तेव्हा ऱ हा एकच कोडपॉइंट (युनिकोडमधला चिन्हाचा क्रमांक) असू शकतो, दुसरीकडे तोच र आणि नुक्ता (खालचा टिंब) असा दोन कोडपॉइंटांचा असतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, कंप्युटर मात्र त्यांना दोन वेगळी नावं समजतो. युनिकोड नॉर्मलायझेशन केल्याशिवाय, म्हणजे दोन्ही रूपं एकसारखी करून घेतल्याशिवाय, तुलना जुळत नाही. हा दोष तुमच्या हेल्परमध्ये होता, दुरुस्तीचा पॅच आमच्याकडून गेला, आणि तुम्ही तो टेस्टसकट आपुलकीनं घेतलात. आज तोच हेल्पर आम्हाला बंद होतोय. कॉपी केला तर आजची दुरुस्ती आमच्याकडे येईल, उद्याची येणार नाही. आणि ज्यानं कधी मराठी नावाचं फोल्डर पाहिलेलंच नाही तो स्वतःची एक ओळ लिहील, ती त्याच्या मशीनवर चालेल, आणि एखाद्या गावच्या संस्थेत मोडेल. शंभर ठिकाणी शंभर अर्धवट प्रती फिरण्यापेक्षा एक नीट तपासलेला हेल्पर उघडा असणं कुणाच्या सोयीचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

इथवर वाचून कुणी म्हणेल की या माणसाला सगळंच उघडं हवंय. तसं अजिबात नाही. सगळं उघडं ठेवण्याचे परिणाम काय होतात हे या क्षेत्रानं भरपूर पाहिलंय, आणि तुमची भीती मला कळते.

पायथनचं डिस्टयुटिल्स आठवा. २००० सालापासून ते पायथनसोबत येत होतं. काम होतं पॅकेज बिल्ड करण्याचं, पण आत ‘येस’, ‘ऑन’, ‘१’ असल्या स्ट्रिंगचं खरं-खोटं ठरवणारा स्ट्रटूबूल नावाचा एक चिमुकला हेल्पर होता. त्याचा बिल्डशी म्हणण्यासारखा संबंध नव्हता, केवळ हाताशी होता. म्हणून लोकांनी तो वेब सर्व्हरच्या सेटिंगपासून कुठल्याही स्क्रिप्टपर्यंत सगळीकडे वापरला. पुढे पेप ६३२ या पायथनच्या बदल-प्रस्तावानुसार डिस्टयुटिल्स जुनं ठरलं, ३.१० मध्ये वॉर्निंग आली आणि ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ मध्ये ते काढून टाकलं गेलं. तेव्हा ज्यांनी आयुष्यात एकही पॅकेज बिल्ड केलं नव्हतं त्यांचेही प्रोग्राम अडले. हेल्पर एकदा बाहेर दिसला की त्याचं काय काय होतं याचं हे ठळक उदाहरण. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावानं जो नियम सांगितला जातो तोही हेच म्हणतो : वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही करारात काय लिहिलंय याला महत्त्व उरत नाही, जे जे बाहेरून दिसतं त्या प्रत्येक गोष्टीवर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं.

आत हात घालणाऱ्यांचं काय होतं हेही आपण पाहिलं. गल्प ३ हे बिल्डचं साधन आतून ज्या जुन्या ग्रेसफुल-एफएस या फाइली हाताळणाऱ्या पॅकेजवर उभं होतं ते नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) अंतर्गत कोडला हात लावत होतं. एप्रिल २०१९ मध्ये नोड १२ आलं आणि ‘प्रायमॉर्डियल्स इज नॉट डिफाइन्ड’ या एका ओळीनं किती जणांची बिल्ड थांबली याची गणती नाही. तिथे चूक नोडची नव्हती, हे मी मोकळेपणानं म्हणतो. रिॲक्ट या वेब लायब्ररीवाल्यांनी तर एका अंतर्गत ऑब्जेक्टचं नावच असं ठेवलं होतं की हे वापरलंत तर नोकरी जाईल. वाचून हसू येतं, पण त्या नावानं एक काम चोख केलं : नंतर कुणाला ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहिली नाही.

तेव्हा रेघ ओढायला माझा विरोध नाही. ती कुठून ओढायची, यावर भांडण आहे. तुम्ही सगळे हेल्पर एका टोपलीत टाकून झाकण लावलंत. माझ्या मते प्रत्येकाचा हिशोब वेगळा आहे, आणि तो मांडण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे : या हेल्परचं उत्तर लायब्ररीच्या स्वतःच्या वागण्यावरून ठरतं का? ठरत असेल तर तो उघडा हवा, कारण बाहेरच्यानं स्वतः लिहिला तर त्याचं उत्तर कधीतरी लायब्ररीपेक्षा वेगळं निघणार. ठरत नसेल तर तो कुठल्याही साध्या पॅकेजमधून मिळतो, तुम्ही त्याचं ओझं वाहू नका.

या प्रश्नावर कॉन्फिग जोडणारा हेल्पर ताबडतोब ‘उघडा’ ठरतो. दोन कॉन्फिग जोडताना ॲरे (आतल्या याद्या) एकापुढे एक लागणार की दुसरा पहिल्याची जागा घेणार, नियमांचा क्रम कोणता, प्लगइन दोनदा आलं तर काय करायचं, ही उत्तरं सामान्य ज्ञानातून येत नाहीत. ती लायब्ररीची असतात. व्हीट या बिल्ड-साधनानं याचसाठी मर्जकॉन्फिग डॉक्समध्ये दिलंय, आणि ते फंक्शनच्या रूपातलं कॉन्फिग घेत नाही, ऑब्जेक्टच घेतं, ही मर्यादाही तिथेच नोंदवलीय. वेबपॅक या साधनाची कॉन्फिग जोडणाऱ्या वेबपॅक-मर्जचा अनुभवही बोलका आहे. २०२० च्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी ‘स्मार्ट’ नावाचं मर्ज काढून टाकलं. नियम आपोआप ओळखून जोडण्याचा तो प्रकार होता. आज त्याच कामाला नियम स्पष्ट सांगायला लावणारं मर्जविथरूल्स आहे. म्हणजे उघडा हेल्परही बदलता येतो, मोडताही येतो. फक्त मेजर आकडा वाढवून आणि पर्याय हातात देऊन.

एन्व्हायर्नमेंट वाचणारा हेल्परही उघडाच हवा, आणि इथे कारण सुरक्षेचं आहे. आमच्या कॉन्फिग फाइलला बिल्ड सुरू होण्याआधी कळायला लागतं की ही कुठल्या संस्थेची बिल्ड आहे. तुमचा हेल्पर बंद केलात तर ही मूल्यं ज्यात असतात ती डॉट-एन्व्ह फाइल आम्ही आमच्या पद्धतीनं वाचू. कोणती फाइल आधी, कोणती नंतर, स्थानिक फाइलला प्राधान्य की मोडच्या (चाचणी की प्रत्यक्ष वापर यानुसार असलेल्या) फाइलला, यात एक जरी फरक पडला तर कॉन्फिगला एक पत्ता दिसेल आणि ॲपला दुसरा. एका संस्थेच्या सभासदांची पावती दुसऱ्या संस्थेच्या सर्व्हरकडे जाणं म्हणजे काय, हे सहकारातल्या कुणालाही विचारा. व्हीटच्या लोडएन्व्हमध्ये न सांगता केवळ ठरलेल्या उपसर्गाची व्हेरिएबल्सच मिळतात, सगळी हवी असतील तर रिकामा उपसर्ग मुद्दाम द्यावा लागतो. पासवर्ड चुकून ब्राउझरपर्यंत जाऊ नये म्हणून घातलेलं ते कुंपण आहे. घाईत स्वतः लिहिलेल्या दहा ओळींत हे कुंपण कोण घालणार?

मूळ फोल्डर शोधणारा हेल्पर, तेच. लायब्ररी ज्याला मूळ समजते तेच आम्हालाही समजलं पाहिजे. पाथच्या हेल्परबद्दल वर लिहिलंच आहे.

आता उलट बाजू. कमांड लाइनचे आर्ग्युमेंट वाचणारा हेल्पर बंद करा. कॉन्फिग फंक्शनला मोड आणि कमांड आयते मिळाले की बाहेरच्याला तो लागत नाही. व्हर्जनची तुलना करणारा, स्ट्रिंगचं खरं-खोटं करणारा, रंगीत लॉग छापणारा, तिन्ही बंद करा. हेच तुमचे स्ट्रटूबूल आहेत. कॅशची (आधीचं काम साठवून पुन्हा वापरण्याची) किल्ली बनवणारा तर चुकूनही उघडू नका. तो बदलण्याचं स्वातंत्र्य गेलं तर लायब्ररीचा वेग वाढवण्याचे तुमचे मार्ग बंद होतील.

खरा अवघड प्रश्न एकाच हेल्परचा आहे : नियमांच्या यादीतून फॉन्टचा नियम शोधून देणारा. आम्ही तो वापरतो, कारण देवनागरी फॉन्टच्या फाइली लॅटिनपेक्षा बऱ्याच जड असतात. जोडाक्षरांचे ग्लिफ, ते कसे जुळवायचे याची टेबलं, सगळं त्यात. खेड्यातल्या नेटवर पहिल्या पावतीला वेळ लागू नये म्हणून तो नियम काढून आम्ही आमचा घालतो. तरीही, माझ्या सोयीविरुद्ध बोलतो, हा हेल्पर उघडा करू नये. तो उघडा केलात तर नियमांच्या ऑब्जेक्टची आतली रचना कायमची करारात येईल. त्याऐवजी फॉन्ट कसे हाताळायचे याचा एक ऑप्शन मुख्य फंक्शनला द्या. लोक ज्या खिडकीतून वारंवार आत चढतात तिथे दार हवं असतं, एवढंच त्यावरून समजायचं. फक्त तो ऑप्शन येईपर्यंत हेल्पर काढू नका.

ही वर्गवारी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. जावा ९ सप्टेंबर २०१७ मध्ये आलं तेव्हा नेमका हाच पेच होता, फक्त कितीतरी मोठा. सन-मिस्क-अनसेफसारखे अंतर्गत क्लास जगभरच्या लायब्रऱ्या वापरत होत्या. जेप २६० या जावाच्या बदल-प्रस्तावात त्यांनी वर्गवारी केली : ज्यांचा वापर बाहेर महत्त्वाचा नाही ते बंद, ज्यांना आधीच अधिकृत पर्याय आहे ते बंद, आणि जे महत्त्वाचे आहेत पण पर्याय नाही ते पर्याय येईपर्यंत उघडे, ‘आधार नाही’ असं नावातच सांगणाऱ्या एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये. बंद करायच्या भागांना घट्ट कुलूप लागायला जावा १७ उजाडलं, म्हणजे २०२१. ऑक्टोबर २०२१ मध्येच ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनानं आठव्या आवृत्तीत तुमच्यासारखंच एक्सपोर्ट्स वापरून आतल्या फाइली बंद केल्या, पण सोबत ‘स्वतःच्या जबाबदारीवर वापरा’ अशा अर्थाच्या नावाचा एक वेगळा दरवाजा ठेवला. ज्यांची अडचण खरी होती त्यांचं काम चाललं, आणि मेंटेनरांवर कायमचं बंधनही आलं नाही. हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर घडलंय. मग आपल्याकडेच एका रात्रीत झाकण का?

एक्सपोर्ट्सची नोंद ही हलक्या हातानं करायची गोष्ट नाही, हेही जाता जाता. एप्रिल २०२० मध्ये इज-प्रॉमिस या अगदी छोट्या पॅकेजच्या एका रिलीजमध्ये ती नोंद चुकली आणि क्रिएट रिॲक्ट ॲपसकट कितीतरी साधनं थांबली. काही ओळींचं पॅकेज होतं ते. तुमची लायब्ररी त्याहून बरीच मोठी आहे, आणि आराखड्यात या बदलाच्या टेस्टचा उल्लेखही मला सापडला नाही.

मागण्या अशा आहेत.

१. सर्व हेल्परांची यादी करून प्रत्येकासमोर उघडा, प्रायोगिक किंवा अंतर्गत यांपैकी एक शिक्का आणि एका ओळीचं कारण लिहा. यादी डॉक्समध्ये ठेवा, इश्यूच्या उत्तरांत नको.

२. कॉन्फिग जोडणं, एन्व्हायर्नमेंट वाचणं, मूळ फोल्डर शोधणं आणि पाथ सरळ करणं हे चार हेल्पर पब्लिक एपीआयमध्ये घ्या. चारच. पाचवा मागायला मी येणार नाही.

३. फॉन्टचा ऑप्शन येईपर्यंत नियम शोधणारा हेल्पर प्रायोगिक दरवाजातून चालू ठेवा. नाव कितीही भीतीदायक ठेवा, चालेल.

४. जे बंद करायचे ते एकदम अदृश्य करू नका. आधी एका मायनर रिलीजमध्ये वॉर्निंग द्या, तीत पर्यायाचं नाव असू द्या, आणि कुलूप त्यानंतरच्या मेजरमध्ये लावा. ‘वापरू नका’ एवढंच सांगणारी वॉर्निंग लोक दुसऱ्या दिवशी बंद करून टाकतात.

५. पॅकेजमधून बाहेर काय दिसतं याची नोंद एका टेस्टमध्ये पक्की करा. एखादं नाव चुकून वाढलं किंवा गळलं तर पुल रिक्वेस्टवरच (बदल तपासायला पाठवतानाच) लाल दिसेल. काही ओळींचं काम आहे आणि पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतील.

६. बंद केलेली चर्चा पुन्हा उघडा, निदान रिलीज कँडिडेट (अंतिम आवृत्तीआधीची चाचणी-प्रत) येईपर्यंत. ज्यांचा कोड खाजगी आहे त्यांना आपला वापर सांगायला तुमच्याकडे दुसरी जागा नाही.

नमुना-प्रोजेक्ट दुरुस्त करणं मी मागण्यांत धरलेलं नाही, ते तुम्ही कराल असं गृहीत धरतो. आजही तो युटिल्समधूनच इम्पोर्ट करतो, आणि आज कुणी नवा माणूस सुरुवात करत असेल तर तो तेच शिकतोय.

पाचव्या मागणीतली टेस्ट आणि पाथच्या हेल्परसाठी मराठी नावांच्या फोल्डरांचे नमुने, दोन्ही लिहून द्यायची आमची तयारी आहे. नमुन्यांत ऱ दोन्ही प्रकारांनी असेल, जागा सोडलेली नावं असतील आणि विंडोजचे पाथ असतील. चर्चा उघडलीत की पुल रिक्वेस्ट पाठवतो. नाही उघडलीत तर आम्हाला जुन्या मेजरवर लॉक फाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) गोठवून बसावं लागेल, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या जुन्या मेजरवर किती काळ मिळतील हे आराखड्यात लिहिलेलं नाही. तेवढी तारीख तरी, निर्णय काहीही होवो, कृपया जाहीर करा.

कळावे,
आपला,
कोल्हापूरचा एक बिल्डवाला